भाषा कुठली घ्यायची? आधी कोड कोण उघडणार ते बघा

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं सॉफ्टवेअर, सी या प्रोग्रामिंग भाषेत का लिहिलंय, सी++ मध्ये का नाही, अशी कुरकुर सप्टेंबर २००७ मध्ये एकाने केली. गिट तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं होतं. त्याचे जन्मदाते लिनस टोरवाल्ड्स यांनी दिलेलं उत्तर प्रोग्रामर मंडळी आजही एकमेकांना दाखवतात, मुख्यतः त्यातल्या तिखटपणासाठी. पण त्या सगळ्या फटकेबाजीत एक मुद्दा असा होता: सी निवडल्याने बाकी काहीही साधलं नाही आणि फक्त सी++ वाले लांब राहिले, तरी सी निवडायला तेवढं कारण पुरे.

सी++ वाल्यांना हे झोंबणारच, आणि मलाही ते मत पटत नाही. पण टोरवाल्ड्स यांनी प्रश्न जिथे नेऊन ठेवला ती जागा अचूक आहे. चर्चा यंत्राबद्दल सुरू झाली होती, त्यांनी ती माणसांवर आणली. या प्रकल्पात कुणी यावं आणि कुणी येऊ नये, हे भाषा ठरवते.

ओपन सोर्स प्रकल्पासाठी भाषा निवडायची वेळ आली की बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुठली भाषा वेगवान, कुठली सुरक्षित, कुठली सध्या जोरात आहे याचे तक्ते काढतात. हे प्रश्न निरर्थक नाहीत, पण ते नंतरचे आहेत. कारण साधं आहे. कंपनीत आधी भाषा ठरते आणि मग ती येणारी माणसं पगार देऊन आणली जातात. येत नसेल तर कंपनीच्या वेळेत शिकवलीही जाते. ओपन सोर्समध्ये पगार बहुधा नसतोच. कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, कुणीही वाचावा, बदलावा, सुधारणा पाठवावी. पण हे ‘कुणीही’ म्हणजे प्रत्यक्षात एक अनोळखी माणूस, ज्याच्याकडे एक मोकळी संध्याकाळ आहे आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक ज्याला सतावते आहे. त्या एका संध्याकाळीत तो कुठवर पोहोचू शकतो, हे तुमच्या भाषेवर बरंच अवलंबून असतं.

वापरणारा आणि लिहिणारा यांच्यातलं अंतर

ओपन सोर्समध्ये हातभार लावणारे लोक येतात कुठून? आकाशातून पडत नाहीत. आधी ते वापरकर्ते असतात. काहीतरी खटकतं, ते कोड उघडून बघतात, आणि जमलं तर दुरुस्ती पाठवतात. म्हणून सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा: माझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना कुठली भाषा येते?

ईएसलिंट हे उदाहरण घ्या. जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधून देणारं हे साधन २०१३ मध्ये आलं आणि ते जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं आहे. म्हणजे वापरणारा प्रत्येक जण त्यात बदल करायला निदान तत्त्वतः लायक आहे. एखादा नियम चुकीचा वाटला तर तो फाइल उघडतो आणि त्याला ती वाचता येते. स्वतःचा नियम हवा असेल तर लिहितो आणि इतरांसाठी ठेवून देतो. ईएसलिंटभोवती प्लगिनांचं, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या भागांचं, जे जंगल उभं राहिलं ते असंच. आखणी करून असं जंगल उभं राहत नाही, पण चुकीची भाषा निवडून ते उगवूच न देणं मात्र सहज शक्य आहे.

आता याच्या उलट. पायथनसाठी असंच काम करणारं रफ नावाचं साधन २०२२ मध्ये आलं, पण ते लिहिलं रस्टमध्ये. तेच काम करणाऱ्या जुन्या फ्लेक८ पेक्षा दहा ते शंभर पट वेगवान, असा त्याच्या निर्मात्यांचा दावा आहे, आणि ज्याने मोठ्या प्रकल्पावर दोन्ही चालवून पाहिलीत तो या दाव्याशी फारसा भांडणार नाही. फ्लेक८ मध्ये मात्र कुणीही पायथनमध्ये चार ओळींचा स्वतःचा नियम लिहून जोडू शकत होता. रफमध्ये आठशेहून अधिक नियम आतच बांधलेले आहेत, आणि नवा हवा असेल तर रस्ट शिकून मूळ प्रकल्पातच घालावा लागतो. वापरणारे पायथनचे, लिहिणारे रस्टचे, मध्ये भिंत.

ही निवड चुकली का? मला तसं वाटत नाही. रफला हात लावणारे शेकडो लोक मिळाले, कारण रस्ट शिकायची हौस असलेले आणि हौसेला काम शोधत असलेले बरेच जण त्या काळात होते. शिवाय अशा साधनात वेग हीच मुख्य गोष्ट असते. प्रत्येक वेळी फाइल जतन करताना ते चालतं, आणि तीन सेकंद थांबायला लागलं की लोक ते बंदच करून टाकतात. म्हणजे इथे वेगाला अग्रक्रम देणं रास्त होतं. पण भिंत उभी राहिली हे खरं, आणि ती उभी राहणार हे माहीत असून निवड करणं वेगळं आणि नंतर डोकं आपटल्यावर कळणं वेगळं.

टाइपस्क्रिप्टची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेली ही भाषा, आणि तिचा कंपायलर कैक वर्षं टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड तपासून दुसऱ्या रूपात नेणारा प्रोग्राम. वापरणारा आणि लिहिणारा यांच्यात अंतर शून्य. मग मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी जाहीर केलं की कंपायलर गो भाषेत नेतोय. व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे पंधरा लाख ओळींचा कोड तपासायला जुन्याला ७७.८ सेकंद लागायचे, नव्याला ७.५. दहा पटींचा फरक आहे हा, आणि तोही रोज लाखो लोकांच्या कामातला.

लगेच प्रश्न आला: गो का, रस्ट का नाही? उत्तर ऐकण्यासारखं होतं. त्यांना कंपायलर नव्याने रचायचा नव्हता, आहे तोच एकेक फंक्शन करून दुसरीकडे न्यायचा होता, म्हणजे वागणूक तंतोतंत तीच राहील. जुन्या कोडमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या, गोल फिरणाऱ्या रचना भरपूर. वापरून झालेली मेमरी आपोआप झाडून काढणारी यंत्रणा त्या कोडने गृहीत धरलेली. गोमध्ये ही यंत्रणा आहे, रस्टमध्ये नाही. रस्ट घेतली असती तर पुष्कळ भाग मुळापासून नव्याने विचार करून लिहावा लागला असता. शिवाय गोमध्ये आणलेला कोड जुन्यासारखाच दिसतो, त्यामुळे जुन्या मेंटेनरांना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, आपलं घर ओळखू येतं. भाषा चांगली की वाईट हा प्रश्न तिथे आलाच नाही. आपल्या हातात काय आहे आणि ते कुणाच्या ओळखीचं आहे, एवढंच बघितलं.

दोन भाषांचा जुना तोडगा

वेगही हवा आणि वापरणाऱ्याला आत शिरताही आलं पाहिजे, या पेचावर एक जुनं उत्तर आहे. गाभा एका भाषेत लिहायचा आणि भोवतालचं अंगण दुसऱ्या, सोप्या भाषेत मोकळं ठेवायचं.

१९८५ पासूनचा जीएनयू ईमॅक्स हा एडिटर असाच बांधलेला आहे. आत सीचा गाभा आणि बाहेर त्याची स्वतःची लिस्प भाषा. एडिटरचा बहुतांश भाग त्या लिस्पमध्ये असल्यामुळे वापरणारा माणूस बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन तिथेच उघडतो, बदलतो, आणि एडिटर बंद न करता बदललेलं वापरू लागतो. व्हिम या जुन्या एडिटरचा नवा अवतार असलेल्या निओव्हिमने पुढे हेच ल्युआ घेऊन केलं. मूळ व्हिमची स्वतःची एक स्क्रिप्ट भाषा आहे, पण ती व्हिमबाहेर कुठेच उपयोगी नाही, त्यामुळे ती शिकायचा उत्साह बेताचाच. ल्युआ ही १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये तयार झालेली छोटी, नीटनेटकी भाषा. ती मुळी दुसऱ्या प्रोग्रामच्या आत बसवण्यासाठीच बनवलेली. २०२१ च्या ०.५ आवृत्तीत निओव्हिमने ल्युआला घरच्या भाषेचा दर्जा दिला आणि प्लगिनांचा पूर आला.

मला सगळ्यात आवडतं ते पॅनडॉकचं उदाहरण. एका प्रकारच्या दस्तऐवजाचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारं हे साधन २००६ पासून हॅस्केलमध्ये लिहिलं जातंय. हॅस्केल म्हटलं की निम्मे प्रोग्रामर दारातूनच परत फिरतात. लोकप्रियतेचा तक्ता बघून निवड केली असती तर पॅनडॉक या भाषेत कधीच झालं नसतं. पण दस्तऐवज म्हणजे आत शाखा-उपशाखा असलेलं झाड, आणि अशा झाडांवर काम करायला हॅस्केल फार सोयीची. लिहिणाऱ्यालाही तीच आवडत होती. २०१७ मध्ये २.० आवृत्तीत पॅनडॉकच्या पोटातच ल्युआ बसवली गेली. आता मधल्या टप्प्यावर स्वतःची करामत करायची असेल तर दहा ओळी ल्युआ पुरते, हॅस्केलचं तोंडही बघावं लागत नाही. गाभा लिहिणाऱ्याच्या आवडीचा आणि अंगण वापरणाऱ्याच्या सोयीचं.

याला किंमत आहेच. दोन भाषा म्हणजे दोघींमधला सांधा, आणि बग नेमके सांध्यात घर करतात. छोट्या प्रकल्पाने पहिल्या दिवशी या फंदात पडू नये.

पहिली संध्याकाळ

त्या अनोळखी माणसाकडे परत येऊ. त्याला भाषा येते असं धरून चालू. तो कोड उतरवून घेतो. आता तो कोड त्याच्या मशीनवर चालू करायला किती वेळ लागतो?

याला बिल्ड म्हणतात, आणि बिल्डच्या पायरीवर जितके इच्छुक गळतात तितके भाषेच्या अवघडपणामुळेही गळत नसतील. मी स्वतः एका प्रकल्पातली एका ओळीची चूक दुरुस्त करायला बसलो होतो. चूक कुठे आहे ते दहा मिनिटांत सापडलं. पुढच्या दोन संध्याकाळी तो प्रकल्प बिल्ड होईना यात गेल्या. ही लायब्ररी नाही, ती आहे पण आवृत्ती जुनी, तिची नवी आवृत्ती टाकली तर तिसरंच काहीतरी रुसलं. तिसऱ्या संध्याकाळी मी नाद सोडला. ती चूक अजून तिथेच असेल.

सी आणि सी++ या भाषांना बिल्डची एकच सर्वमान्य पद्धत नाही. मेक आहे, ऑटोटूल्स आहे, सीमेक आहे, मेसन आहे, आणि प्रत्येक प्रकल्पाचं आपलं वेगळं कर्मकांड. नव्या भाषांनी हा धडा घेतला. रस्टसोबत कार्गो हे बिल्डचं साधन येतं, गोमध्ये बिल्डचा आदेश भाषेच्याच पेटाऱ्यात असतो. रस्ट भाषा म्हणून सोपी नाही, उलट चांगलीच नाठाळ आहे, पण रस्टचा अनोळखी प्रकल्प उतरवून एका आदेशात तो उभा राहण्याची शक्यता मोठी. गो भाषेची आणखी एक गंमत म्हणजे भाषा मुद्दाम लहान ठेवलेली आहे. एकूण २५ राखीव शब्द, आणि कोडची मांडणी ठरवून देणारं साधन सोबतच. त्यामुळे कुणाचाही गो कोड साधारण सारखाच दिसतो. तरबेज लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. पण वाचणारा अनोळखी असतो तेव्हा कंटाळवाणा कोड हे वरदान असतं.

सॉफ्टवेअर राहणार कुठे?

एक प्रश्न असा आहे की त्याने कधीकधी बाकीची सगळी चर्चाच संपते: हे चालणार कुठे आणि त्याला हाक कोण मारणार?

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा सुटा भाग, तर सीची जागा अजूनही खास आहे. कारण जवळपास प्रत्येक भाषेला सीमध्ये लिहिलेल्या फंक्शनला हाक मारता येते. वेगवेगळ्या भाषांच्या प्रोग्रामांना एकमेकांशी बोलायचं झालं तर सी ही त्यांची बोली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्नोम या डेस्कटॉपने सी घेतली त्यामागे हा हिशोब होता: गाभा सीमध्ये असला की पायथनपासून पर्लपर्यंत कुणालाही वरून जोडून घेता येईल. त्याआधी वर्षभर सुरू झालेल्या केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने सी++ घेतली, तिथे डेस्कटॉप लिहिणं सुखाचं झालं, पण बाहेरच्या भाषांना जोडणं अवघड. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस २००० पासून सीमध्येच आहे. फोनपासून ब्राउझरपर्यंत तो कशाकशाच्या आत आहे याची मोजदाद अवघड आहे. त्याचे निर्माते २०५० पर्यंत तो सांभाळायचं म्हणतात. इतक्या लांबच्या पल्ल्यासाठी त्यांनी घेतली ती निवांत, म्हातारी, सगळीकडे भेटणारी भाषा. जाता जाता, एसक्यूलाइटचा कोड सगळ्यांसाठी खुला असला तरी बाहेरच्यांचे बदल ते सहसा घेत नाहीत. म्हणजे माझा ‘अनोळखी माणसाचा’ निकष त्यांना लागूच होत नाही, आणि म्हणून त्यांनी काय निवडलं यावरून तुम्ही काय निवडावं हे निघत नाही.

वेबवर वेगळीच तऱ्हा. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये पर्लमधल्या एका विकी सॉफ्टवेअरवर सुरू झाला आणि वर्षभरात पीएचपीवर गेला. त्यातूनच पुढे मीडियाविकी हे विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर तयार झालं. साइट बनवायचं वर्डप्रेसही २००३ पासून पीएचपीत. पीएचपीला नावं ठेवणं हा प्रोग्रामरांचा आवडता विरंगुळा आहे, पण त्या काळात स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर हमखास मिळायची ती हीच भाषा. फाइली चढवल्या की साइट सुरू. वर्डप्रेस याहून सुबक भाषेत लिहिलं असतं तर ते चढवायला जागाच कुणाला मिळाली नसती.

आणि उलटा फटका कसा बसतो, ते पायथनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवलं. सुरक्षेशी संबंधित नाजूक काम करणारं हे पॅकेज. त्याच्या ३.४ आवृत्तीत मेंटेनरांनी पहिल्यांदाच थोडं रस्ट आत आणलं. हेतू चांगला होता, म्हणजे मेमरीच्या चुका टाळणं. पण जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड त्या दिवशी कोसळले, कारण त्यांच्या मशीनवर रस्टचा कंपायलर नव्हता. अल्फा, एचपी-पीए अशा जुन्या प्रोसेसरांवर तर रस्ट चालतच नव्हती, त्यांच्यासाठी दार बंदच झालं. भांडण जोरदार झालं. मी मेंटेनरांच्या बाजूचा आहे. हौशी जुन्या यंत्रांसाठी बाकी सगळ्यांची सुरक्षा अडवून धरणं बरोबर नाही. पण भाषा बदलली की जमीन बदलते, आणि त्या जमिनीवर कोण कोण उभं होतं हे अनेकदा नंतरच समजतं.

वेग आणि मेमरी

आता यंत्राकडे वळायला हरकत नाही.

सी आणि सी++ मध्ये मेमरी स्वतः मागायची, स्वतः परत करायची. परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली, किंवा दिलेल्या जागेच्या पलीकडे वाचलं, तर भाषा अडवत नाही. २०१४ चा हार्टब्लीड हा दोष असाच. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जात होती, आणि त्यात सर्व्हरच्या पोटातल्या गुप्त गोष्टी बाहेर येत होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियमच्या चमूने २०२० मध्ये आपापले आकडे मांडले. दोघांचेही सुमारे ७० टक्के गंभीर सुरक्षा-दोष मेमरीच्या गफलतींतून आलेले होते.

पायथन, जावा, गो, जावास्क्रिप्ट या भाषा मेमरीची झाडलोट स्वतः करतात. त्यात थोडा वेग जातो, पण चुकांचा हा वर्ग बहुतांश मिटतो. रस्ट झाडलोट न करता कंपायलरकडूनच कडक तपासणी करून घेते, आणि त्या तपासणीशी झगडणं ही शिकणाऱ्याने भरायची फी. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेला डेटा उघडून बघणारं काही लिहीत असाल, चित्रांचे, फॉन्टचे, नेटवर्कच्या संदेशांचे अर्थ लावणारं, तर आज नव्याने सी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. वर सीची इतकी तारीफ केल्यावरही.

वेगाबद्दल मात्र इतकंच म्हणेन की बहुतेक प्रकल्पांना तो लागत नाही. फाइलींची नावं बदलणारं साधन ०.०२ सेकंदात संपलं काय किंवा ०.२ सेकंदात काय. ज्यांना लागतो त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

भाषेचंही वय असतं

गिटबरोबर एकाच महिन्यात, एप्रिल २००५ मध्ये, मर्क्युरियल नावाचं तसंच काम करणारं सॉफ्टवेअर सुरू झालं. ते मुख्यतः पायथनमध्ये, आणि वापरायला गिटपेक्षा सोपं अशी त्याची ख्याती. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, जुन्या पायथनशी न जुळणारं. मर्क्युरियलचा जीव बाइटांवर, म्हणजे फाइली जशाच्या तशा जपण्यावर. आणि पायथन ३ ने नेमका मजकूर आणि बाइट यांचाच संसार मोडून नवा मांडलेला. हे स्थलांतर जवळजवळ दहा वर्षं रेंगाळलं. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपणार होता, आणि पायथन ३ वर नीट उभं राहायला मर्क्युरियलला २०१९ चा शेवट उजाडला. त्या वेळात वापरणाऱ्याला दिसेल अशी नवी गोष्ट एकही झाली नाही असा याचा अर्थ नाही, पण मोजके मेंटेनर असताना इतकी वर्षं अशी जाणं परवडणारं नव्हतं.

ॲटम एडिटर सुरुवातीला कॉफीस्क्रिप्टमध्ये लिहिला गेला, कारण तेव्हा ती जोरात होती. नंतर जावास्क्रिप्टने तिच्यातल्या चांगल्या गोष्टी उचलल्या आणि कॉफीस्क्रिप्ट ओसरली. नवा माणूस ॲटमचा कोड उघडायचा तर समोर कुणीच नव्याने न शिकणारी भाषा. डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम बंद झाला. त्याची कारणं इतर होती, पण कोडचा काही भाग पुन्हा जावास्क्रिप्टमध्ये लिहीत बसणं हे काम त्यांच्या नशिबी आलंच.

भाषेचा मालक कोण, हेही याच हिशोबात धरावं. जावाचा अधिकृत कंपायलर आणि लायब्ऱ्या २००६-०७ पर्यंत मुक्त नव्हत्या. त्यामुळे जावात लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर चालवायला मुक्त नसलेलं काहीतरी घ्यावं लागायचं. मोनोवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या मुक्त अवतारावर लिहिलेल्या टॉमबॉय या टिपणवहीबद्दल मालकीवरून असाच संशय होता, आणि २००९ मध्ये तीच वही सी++ मध्ये पुन्हा लिहून ग्नोट नावाने बाहेर आली. आज मुख्य भाषांपुरता हा प्रश्न बराच मिटला आहे.

आता कुठलीही भाषा एआयकडून लिहून घेता येते, मग एवढा विचार कशाला, असं हल्ली ऐकू येतं. लिहून मिळेल. पण आलेला बदल वाचून ‘हे बरोबर आहे’ असं म्हणणारा मेंटेनर लागतोच, आणि त्याला ती भाषा मनापासून यायला लागते. उलट लिहिणं स्वस्त झाल्याने वाचायचा ढीगच वाढला आहे.

भाषा बदलायची वेळ आली तर

कधीकधी चुकतं, किंवा काळ बदलतो. फिश हा शेल, म्हणजे टाइप केलेले आदेश चालवणारा प्रोग्राम, सी++ मध्ये होता. २०२३ च्या सुरुवातीला तो रस्टमध्ये न्यायचा प्रस्ताव आला, आणि त्यातलं एक कारण उघडच माणसांचं होतं: सी++ साठी हातभार लावणारे पुढे मिळणं अवघड होत जाणार. त्यांनी एका रात्रीत नवं बांधलं नाही. एकेक भाग काढून त्या जागी रस्टचा भाग बसवत गेले, मध्ये दोन्ही भाषा एकत्र नांदत होत्या. सुमारे ५७ हजार ओळी सी++ च्या जागी ७५ हजार ओळी रस्ट आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० आवृत्ती निघाली. दोनशेहून अधिक जणांचे हात त्या आवृत्तीला लागले होते. सिगविनवर, म्हणजे विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, राहणारे वापरकर्ते मात्र मागे राहिले, कारण तिथे रस्ट पोहोचत नव्हती. चित्रं रेखाटणारी लिबआरएसव्हीजी ही लायब्ररी २०१६ पासून अशीच सीमधून रस्टमध्ये गेली, आणि बाहेरून हाक मारणाऱ्यांना काही कळलंही नाही, कारण तिने बाहेरचं सीचं दार तसंच ठेवलं होतं.

लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली. लिनक्सही टोरवाल्ड्स यांचंच, आणि सी++ ला दारातून परत पाठवणाऱ्या त्यांनीच ती दिली. तरी पुढचा प्रवास सरळ झाला नाही. सीमध्ये आयुष्य घालवलेल्या मेंटेनरांना दुसऱ्या भाषेची जबाबदारी नको होती, आणि २०२४ मध्ये रस्टच्या बाजूचा एक प्रमुख मेंटेनर बिगर-तांत्रिक कटकटींना कंटाळून बाहेर पडला.

आणि कर्ल. इंटरनेटवरून काहीही आणायचं-पाठवायचं हे साधन डॅनियल स्टेनबर्ग १९९० च्या दशकापासून सीमध्ये लिहीत आहेत. २०२० मध्ये त्याच्या पोटातला एचटीटीपीचा, म्हणजे वेबच्या देवाणघेवाणीचा, भाग हवा तर हायपर या रस्टमधल्या लायब्ररीने चालवता येईल, असा प्रयोग सुरू झाला. पैसाही उभा राहिला, आणि बहुतेक चाचण्या पास होऊ लागल्या. शेवटच्या थोड्या काही केल्या सुटेनात. डिसेंबर २०२४ मध्ये स्टेनबर्ग यांनी हा प्रयोग आवरता घेत असल्याचं सांगितलं. रस्ट हळू नव्हती, हायपर वाईट नव्हती. पण रस्ट येणाऱ्यांना कर्लची गरज नव्हती, ते हायपर थेट वापरत होते. आणि कर्लच्या भोवती जमलेल्या सीवाल्यांना रस्ट येत नव्हती. मधल्या जागेत, दोन्ही येणारं आणि हे काम हवंसं वाटणारं, कुणी उभंच नव्हतं.